बव्हेरियाची कुरकुर, महाराष्ट्राची कुरकुर

केंद्राचा अर्थसंकल्प आला की महाराष्ट्रात एक हिशेब हमखास निघतो: आपण दिल्लीला रुपया देतो, परत किती पैसे मिळतात? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेतले ४१ टक्के राज्यांना दिले. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ६.३१७ टक्के, उत्तर प्रदेशाला १७.९३९, बिहारला १०.०५८ आणि गोव्याला ०.३८६. हे आकडे फिरत फिरत म्युनिकच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर येतात, आणि गंमत म्हणजे इथली वर्तमानपत्रं उघडली तरी तेच गाऱ्हाणं वाचायला मिळतं.

जर्मनीच्या १६ राज्यांत आर्थिक समतोल राखण्यासाठी २०२४ मध्ये सुमारे १८.७ अब्ज युरो इकडचे तिकडे झाले. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या बव्हेरियाचे, म्हणजे म्युनिक ज्याची राजधानी आहे त्या राज्याचे. सगळ्यात मोठा घेणारा बर्लिन. बर्लिनमध्ये बालवाडी फुकट, बव्हेरियात पालक फी भरतात. मग आमच्या पैशांवर त्यांची चैन का, असा सवाल इथले नेते करतात. आपल्याकडे याला 'रेवडी' म्हणतात. २०२३ मध्ये बव्हेरिया सरकार यावरून कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयातही गेलं. हाच बव्हेरिया १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घेणाऱ्यांच्या रांगेत उभा होता, ते भाषणांत सहसा येत नाही.

म्हणजे देणाऱ्या राज्याने कुरकुरणं काही आपलंच नाही. पण ती कुरकुर नेऊन मांडायला इथे एक जागा आहे आणि तिथे राज्याच्या मताला किंमत आहे. महाराष्ट्राने टक्क्यांवरून जेवढं भांडावं, त्याहून जास्त या जागेसाठी भांडावं, असं माझं मत.

आधी पैशाचं बघू. इथल्या पगारातून १०० युरो प्राप्तिकर कापला गेला, तर ४२.५० केंद्राचे, ४२.५० राज्याचे आणि १५ गावाचे. कंपनी कराचे केंद्र आणि राज्यं यांच्यात निम्मे निम्मे. कर गोळा करणारं फिनान्त्सआम्ट, म्हणजे कर कार्यालय, राज्याचं असतं. आपल्यासारखं आधी सगळं दिल्लीत जमा आणि मग वाटप, असा प्रकार नाही.

पण कुठला कर कुठल्या राज्याच्या नावावर मांडायचा? आपल्याकडची चर्चा नेमकी इथे फसते. देशाच्या प्रत्यक्ष करवसुलीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग महाराष्ट्राच्या नावावर दिसतो, कारण कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत. बँकेच्या शाखा देशभर, नफा देशभरातला, कर मात्र मुंबईच्या खात्यात. जर्मनीत यासाठी वेगळा कायदा आहे. मोठ्या कंपनीचा कर, तिने कुठल्या राज्यातल्या कामगारांना किती पगार दिला त्या प्रमाणात राज्याराज्यांत विभागला जातो. मुख्यालय म्युनिकमध्ये आणि कारखाना सॅक्सनी राज्यातल्या लाइपझिगला, तर सॅक्सनीलाही हिस्सा. पगारावरचा कर तर माणूस राहतो त्या राज्याचा, काम कुठेही करो. हे सूत्र लावलं तर महाराष्ट्राचा आकडा खाली येईल. किती, ते हिशेब केल्याशिवाय सांगता येणार नाही. पण 'एवढा कर आम्ही भरतो' म्हणण्याआधी तो करायला हवा. जीएसटी तर आधीच खपाच्या जागेनुसार जातो. चाकणला बनलेली गाडी लखनौत विकली गेली, तर राज्याचा हिस्सा उत्तर प्रदेशाचा.

उपकर आणि अधिभार यांवरचा राग मात्र रास्त आहे. ते वाटपयोग्य रकमेत धरलेच जात नाहीत, सगळे केंद्राचे. जर्मनीतही हा प्रकार आहे, बरं का. 'सोली' नावाचा अधिभार १९९१ मध्ये आला आणि १९९५ पासून कायम झाला, प्राप्तिकरावर ५.५ टक्के, पूर्ण केंद्राकडे. २०२१ पासून सुमारे ९० टक्के करदात्यांची त्यातून सुटका झाली, बाकीच्यांचा चालू आहे, आणि २०२५ मध्ये घटना न्यायालयानेही तो वैध ठरवला. तेव्हा केंद्र सरकारचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

आता ती जागा. बर्लिनमधलं बुंडेसराट हे वरचं सभागृह. त्यात निवडून आलेले खासदार नसतात, राज्य सरकारांचे मुख्यमंत्री आणि मंत्री स्वतः बसतात. एकूण ६९ मतं. लहानग्या ब्रेमेनला ३, बव्हेरियाला ६. राज्याची सगळी मतं एकगठ्ठा द्यायची. बुंडेसराटची संमती आवश्यक असलेलं विधेयक संमत व्हायला ३५ मतं लागतात, त्यामुळे तिथे तटस्थ राहणं म्हणजे 'नाही' म्हणण्यासारखंच. आघाडी सरकारांच्या करारांत म्हणूनच एक कलम हमखास असतं: आपल्यात एकमत नसेल तर राज्य तटस्थ राहील. २००२ च्या मार्चमध्ये स्थलांतर कायद्यावर ब्रँडनबुर्ग राज्याचा एक मंत्री 'हो' म्हणाला, दुसरा 'नाही'. मुख्यमंत्री 'हो' म्हणाले आणि अध्यक्षांनी चारही मतं 'हो' धरून ३५ ची बेरीज जुळवली. डिसेंबरमध्ये घटना न्यायालयाने तो कायदाच रद्द केला: मत विभागलं, म्हणजे मत नाही.

खरी ताकद करांच्या बाबतीत आहे. ज्या कराचा हिस्सा राज्यांना किंवा गावांना जातो, त्या कराचा कायदा बुंडेसराटच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. प्राप्तिकरात सवलत द्यायची तर १६ राज्यांशी बोलावंच लागतं. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त करण्याची घोषणा झाली. त्यापायी जे उत्पन्न बुडालं, त्यातला वाटा राज्यांचाही होता. त्यांना कोणी विचारलं नाही आणि विचारायची तरतूदही नाही. राज्यसभा धन विधेयक फार तर १४ दिवस ठेवून घेऊ शकते. शिवाय २००३ पासून राज्यसभेवर जायला त्या राज्याचा रहिवासी असण्याचीही गरज उरलेली नाही. महाराष्ट्राचे १९ खासदार पक्षादेशावर मत देतात, मंत्रालयाच्या सूचनेवर नव्हे.

जवळ जाणारी एकच संस्था आपल्याकडे आहे, जीएसटी परिषद. तिथे अर्थमंत्री स्वतः बसतात. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राशिवाय पान हलत नाही. उलट सगळी ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश हजर असतील, तर १२ जण एकत्र आले की केंद्राचाही ठराव अडतो. पण महाराष्ट्र आणि सिक्कीम यांचं वजन सारखंच. ब्रेमेनला ३ आणि बव्हेरियाला ६ ही तोडगेवजा विषमता इथे आणता येईल.

राज्यपालांबद्दल थोडक्यात: जर्मन राज्यांत हे पदच नाही. राज्य ऐकत नसेल तर केंद्राला सक्ती करण्याचा अधिकार ३७ व्या कलमात आहे, पण त्यालाही बुंडेसराटची, म्हणजे बाकीच्या राज्यांची, संमती लागते. १९४९ पासून तो एकदाही वापरलेला नाही. आपलं राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ शंभराहून जास्त वेळा वापरून झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने लगाम बसला खरा, तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत राष्ट्रपती राजवट कशी पहाटे उठली, ते सगळ्यांना आठवत असेल.

इथे सगळं छान आहे असं मुळीच नाही. केंद्रात एक बहुमत आणि बुंडेसराटमध्ये दुसरं असलं की कायदे ३२ जणांच्या समेट समितीत महिनोन्‌महिने अडकतात. शिक्षण राज्यांचं, म्हणून हँबुर्गहून म्युनिकला आलेल्या मुलाचा अभ्यासक्रम जुळत नाही. आपल्या लोकांना सगळ्यात जास्त छळतो तो रहिवासी परवाना: कायदा केंद्राचा, अंमलबजावणी स्थानिक कार्यालयाची. एका शहरात काही आठवडे, दुसऱ्यात कित्येक महिने, आणि तक्रार केली तर केंद्र राज्याकडे बोट दाखवतं, राज्य पालिकेकडे.

प्राप्तिकरातला तो गावाचा वाटा मात्र घटनेतच लिहिलेला आहे आणि १५ हा टक्का केंद्राच्या कायद्यात, राज्य सरकारच्या मर्जीवर नाही. त्याशिवाय धंद्यांवरच्या कराचा दर नगरसभा स्वतः ठरवते. म्युनिकमध्ये तो नफ्यावर साधारण १७ टक्के पडतो. मुंबईची जकात २०१७ मध्ये गेली आणि तेव्हापासून भरपाई राज्याच्या तिजोरीतून येते. मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून जास्त काळ महापालिका प्रशासकाच्या हाती होती. दिल्लीने महाराष्ट्राशी असं केलं असतं तर काय गहजब झाला असता! राज्याच्या जीएसटीतला ठरावीक टक्का महापालिकांना थेट देण्याचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळालाच करता येतो. त्यासाठी दिल्लीला विचारावं लागत नाही.