‘वजनाच्या दुप्पट नाही? मग तुम्ही कमजोर’ : हे खरं नाही

एक तक्ता सध्या सगळीकडे फिरतोय. निरोगी पुरुषाने स्वतःच्या वजनाच्या दुप्पट डेडलिफ्ट (जमिनीवरचा, प्लेटा लावलेला लोखंडी बार उचलून सरळ उभं राहणं) मारलीच पाहिजे, बाईने दीडपट. चाळिशीनंतर दर दहा वर्षांना दहा टक्के वजा करा, साठीनंतर डेडलिफ्टच्या वाटेला जाऊ नका. खाली ठळक अक्षरांत : यापेक्षा कमी उचलत असाल तर तुम्ही कमजोर आहात. मी बरीच वर्षं लोकांना बार उचलायला शिकवतो आहे. चांगली मेहनत करणारी माणसं हा तक्ता दाखवून पडेल आवाजात ‘माझं काही खरं नाही ना?’ असं विचारतात, तेव्हा मला मनापासून राग येतो.

आधी ‘दुप्पट’चं बघू. शरीराचं वजन जितकं वाढतं तितकी ताकद वाढत नाही. स्नायूचा जोर त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो; वजन ठरतं घनफळावर. माणूस सगळ्या बाजूंनी सारखाच मोठा झाला, तर घनफळ क्षेत्रफळाला मागे टाकतं. समजा ६० किलोचा एक जण १२० किलो उचलतो. तक्त्यात तो पास. तशाच तयारीचा १२० किलोचा माणूस या हिशोबाने १९० किलोच्या आसपास उचलेल, म्हणजे जेमतेम १.६ पट, आणि तक्ता त्याला नापास करेल. प्रत्यक्षातही हेच दिसतं. अमेरिकन स्पर्धक लामार गँटने १९८५ मध्ये ६० किलोच्या गटात ३०० किलो उचलले, म्हणजे वजनाच्या पाचपट. आइसलँडच्या हाफथोर ब्यॉर्नसनने २०२० मध्ये ५०१ किलो उचलले तेव्हा त्याचं स्वतःचं वजन दोनशेच्या आसपास होतं. पट निघते अडीचच्या जवळ. मग तो गँटच्या निम्म्याने कमजोर का? पॉवरलिफ्टिंगमध्ये, म्हणजे बार उचलण्याच्या स्पर्धांत, वजनी गट आहेत ते याचसाठी. दोन गटांची तुलना करायची तेव्हा विल्क्स किंवा डॉट्ससारखी सूत्रं वापरतात, आणि त्यातलं एकही नुसता भागाकार करून थांबत नाही.

शिवाय उचललं कसं, हे तक्ता विचारतच नाही. पाय फाकवून (सुमो) की पाय जवळ ठेवून (कन्व्हेन्शनल)? पकड सुटू नये म्हणून मनगटाला स्ट्रॅप, म्हणजे पट्टे, होते का? स्ट्राँगमनमध्ये (अवजड वस्तू उचलण्या-ओढण्याच्या स्पर्धांत) स्ट्रॅप चालतात, आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या स्पर्धेत नाही. लांब हातांच्या माणसाला बार कमी अंतर वर आणावा लागतो, आखूड हातांच्याला जास्त.

बायकांच्या ‘दीडपट’बद्दल बोलताना मला एक मुलगी आठवते. सडपातळ, नवी, ३० किलोवर अडकलेली. २० किलोचा बार आणि दोन्हीकडे पाच-पाच किलोच्या छोट्या प्लेटा. मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. छोट्या प्लेटांमुळे हिचा बार पार घोट्याशी टेकला होता आणि तिथवर वाकताना पाठ गोल होत होती. मी दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे सरकवले. बार नडगीच्या मध्यावर आला, पाठ आपोआप सरळ झाली आणि त्याच ३० किलोचे पाच-पाचचे तीन सेट तिने आरामात मारले. तोपर्यंत ती स्वतःला कमजोर समजत होती, कारण तक्त्याप्रमाणे तिला ७५ किलो यायला हवे होते.

स्त्री-पुरुषांत सरासरी फरक असतोच. कमरेखालच्या भागात तो कमी, खांदे-दंडात बराच जास्त. पण त्यातला मोठा वाटा स्नायू किती आहे याचा असतो. बाईच्या शरीरात चरबीचं प्रमाण निसर्गतः जास्त असतं आणि तक्ता त्या सगळ्या वजनाने भागतो. सरासरी म्हणून दीडपट अगदीच चुकीची नाही, हे मी मान्य करतो. मध्यम वजनाच्या पुरुषाला काही वर्षांच्या नीट सरावानंतर दुप्पटही जमते. ते सरावाचं फळ आहे. निरोगी असण्याची अट म्हणून ते लोकांच्या माथी मारू नका.

आता वयाचं, कारण खरं नुकसान इथे होतं. ‘साठीनंतर नको’ हे वाचून घरच्यांनी आईवडिलांना बारपासून लांब ठेवल्याचं मी पाहिलंय. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्ती झालेल्या, हाडं विरळ झालेल्या, ५८ वर्षांपुढच्या बायकांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने, जाणकाराच्या देखरेखीखाली त्यांनी डेडलिफ्ट, स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका) आणि ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं) केले. हळूहळू तयारी करून वजन एका वेळी जास्तीत जास्त जमेल त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नेलं. कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती घटली. ज्या व्यायामाने हाड घट्ट होतं, तोच या वयात बंद करायला हा तक्ता सांगतो. हाडं ठिसूळ असतील तर डॉक्टरांना विचारून आणि शिकवणाऱ्याच्या नजरेखालीच करावं, हे खरं. पण करावं.

दर दहा वर्षांना दहा टक्के, हेही कागदावरचंच. ताकद सरळ रेषेत उतरत नाही. आधी सावकाश, साठीनंतर वेगाने. आणि पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा बार धरणाऱ्याची ताकद पुढची काही वर्षं वाढतच जाते. त्याच्या बाबतीत वजा कशातून करायचं?

माझ्याकडे एकसष्ट वर्षांच्या एक काकू येतात. सुरुवातीला त्यांनी गुडघ्याएवढ्या स्टुलावरून आठ किलोचं केटलबेल (कडी असलेला लोखंडी गोळा) उचललं, तेही श्वास रोखून. वजन ६४ किलो, आजची डेडलिफ्ट ५० किलो, पाच वेळा. पट एकापेक्षाही कमी. त्यांच्या वहीत मी पटीचा रकाना ठेवलेलाच नाही. तारीख, किलो, किती वेळा, बार किती उंचीवरून आणि शेवटच्या खेपेला पाठ कशी होती, एवढंच त्या लिहितात. गेल्या आठवड्याच्या ओळीत शेवटी लिहिलंय, ‘पाठ सरळ, अजून दोनदा झालं असतं’. पुढच्या वेळी आम्ही अडीच किलो वाढवणार आहोत.