‘जागेअभावी विकणे आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

जुन्या वस्तू विकण्याच्या जाहिरातींच्या भाषेवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘शोरूम कंडिशन, सिंगल हँड, पेपर क्लिअर’ अशी जाहिरात वाचून तुम्ही मालवणात जुनी स्कूटर घेतलीत आणि पहिल्याच पावसाळ्यात पायाखालचा पत्रा भुगा होऊन हातात आला. असल्या भाषेचं कौतुक करणं म्हणजे फसवणुकीचं कौतुक, असं तुम्ही लिहिलंय. त्यातलं निम्मं मला मान्य आहे.

‘शोरूम कंडिशन’ हे शब्द मी गमतीच्या उदाहरणांत घ्यायला नको होते. आपल्या किनाऱ्यावर गाडी खालून गंजते. खारी हवा, चार महिन्यांची ओल, त्यात वाळूतून फिरवलेली. वरचा रंग चकचकीत राहतो आणि स्टँडची स्प्रिंग, सायलेन्सरचा जोड, पाय ठेवायच्या जागेखालची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, गंजत जाते. जुन्या गाडीला खालून ताजा काळा रंग दिसला तर नख लावून बघायचं, खपली निघते. रंग मारणाऱ्याला गंज माहीत होता आणि तरी त्याने ‘शोरूम’ लिहिलं, तर ते खोटंच. त्याची बाजू मी घेणार नाही. चिपळूणकडची जुलै 2021 च्या आधीची गाडी असेल तर ‘पुरात होती का?’ हे सरळ विचारावं आणि सीट उचलून आत कुठे चिखलाची रेघ आहे का तेही बघावं.

‘सिंगल हँड’चा घोळ वेगळा आहे. लिहिणाऱ्याच्या मनात ‘मी एकट्यानेच चालवली’ असतं, वाचणारा ‘एकच मालक’ असं समजतो. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, मालकाचा अनुक्रमांक असतो, तो बघितला की वाद मिटतो. ‘पेपर क्लिअर’ म्हटलं की कर्जाचा बोजा आरसीवरून उतरवलाय का, विमा चालू आहे का, 15 वर्षं उलटली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, एवढं विचारावंच. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायदा सांगतो. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, समोरचा कितीही ओळखीचा असो.

पण ‘ही सगळी भाषाच लबाड’ हे तुमचं वाक्य मला पटत नाही. आमच्या वाडीतल्या दुकानाच्या फळीवर गेल्या वर्षी एक कागद चिकटवलेला होता : ‘फवारणी पंप विकणे आहे. दोन सीझन वापर. पाईप एके ठिकाणी जोडलेला आहे. बाग कराराने दिल्यामुळे. किंमत समक्ष.’ पाईपला जोड आहे हे कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलंय. आणि ‘बाग कराराने दिल्यामुळे’ हे गिऱ्हाइकाच्या काय कामाचं? ते लिहिलंय वाडीसाठी. आपल्याकडे घरातली वस्तू बाहेर काढली की पहिला प्रश्न येतो, ‘काय रे, अडचण इली काय?’ त्याचं उत्तर माणूस जाहिरातीतच देऊन ठेवतो.

माझ्या आत्याने झोपाळा विकला तेव्हा जाहिरात मीच लिहून दिली होती. सागवानी फळी, पितळी कड्या. तिने सांगितलं, ‘जागेअभावी असं घाल.’ मी ओटीवर बसून लिहीत होतो आणि ओटी या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती. आठवड्याने ती कायमची डोंबिवलीला मुलाकडे निघाली, दोन खोल्यांत. शब्द खरा होता, फक्त जागा तिथली होती. शेवटी तिने ‘चांगल्या घरी द्यायचा आहे’ असंही घालायला लावलं. गुहागरहून एक जोडपं लहान मुलीला घेऊन आलं. मुलगी आल्या आल्या झोपाळ्यावर चढली आणि आत्याने आपण होऊन पाचशे रुपये कमी केले. कड्या चिंचेने घासायच्या, पावडरीने नाही, हे तिने त्या बाईंना टेम्पो सुटेपर्यंत तीन वेळा सांगितलं.

म्हणून ‘जागेअभावी’, ‘वापर नसल्याने’, ‘चालवायला कोणी नाही’ हे शब्द वाचले की मला त्यांच्यामागचं घर दिसतं. मूळ लेखात मी नुसती वाक्यं दिली, त्यांच्यामागची माणसं राहून गेली. तुमच्यासारख्या पोळलेल्या माणसाला तो लेख टिंगलीसारखा वाटला, यात तुमची चूक नाही. ‘शोरूम कंडिशन’चा परिच्छेद आज काढलाय आणि तिथे गंज कसा तपासायचा ते लिहिलंय.

तुमच्या स्कूटरची जाहिरात अजून फोनमध्ये असेल तर तिचा मजकूर जसाच्या तसा पाठवा, नाव आणि नंबर खोडून. त्यात विकायचं कारण लिहिलं होतं का, ते मला बघायचंय.