रंगपेटी हवीच, सर. पण तो तुटका पूल एकदा बघा

सर, मोबाइलवरच्या काही खेळांतून आणि अ‍ॅप्समधूनही मुलांना चित्रकलेची गोडी लागते, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "काचेवर बोट घासून चित्रकला येत नाही. मुलीला रंगपेटी द्या, मोबाइल नको," असं तुम्ही लिहिलंय. इतकी वर्षं मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवणाऱ्या शिक्षकाचं म्हणणं मला सहज बाजूला सारता येत नाही.

टिचकी मारली की रंग भरणाऱ्या अ‍ॅप्सचंही मी त्या लेखात कौतुक केलं होतं. ते मागे घेते. त्यात मूल ना रंग कालवतं, ना ब्रशवर पाणी किती घ्यायचं ते शिकतं.

'मॉन्युमेंट व्हॅली'बद्दल मात्र माझं मत तेच आहे. 2014 साली आलेला हा मोबाइलवरचा खेळ. छोटी राजकन्या, जिने, कमानी, मनोरे. पूल अर्ध्यात तुटलेला असतो. बोटाने तो भाग फिरवला की टोकं जुळतात आणि ती पलीकडे जाते. हे जमतं, कारण इथे लांबची वस्तू लहान दिसत नाही. तुम्ही शिकवता ते यथार्थदर्शन इथे नाहीच, त्यामुळे जवळचं आणि लांबचं टोक पडद्यावर एकाच जागी येतं. एशर या डच चित्रकाराच्या 1961 च्या 'धबधबा' या चित्रात पाटाचं पाणी उतरत उतरत पुन्हा वरच पोचतं, तीच ही करामत.

लेक खेळली आणि मग काड्यापेट्या मागायला आली. टेबलावर दोन रांगा काटकोनात चिकटवल्या, दुसरीच्या टोकावर तिसरी उभी केली. मग एक डोळा मिटून, मान वाकडी करून ती टेबलाभोवती जागा शोधत राहिली. एका जागी उभीचा शेंडा आणि पहिलीचं मोकळं टोक जुळलं, त्रिकोण पुरा झाला! "आई, हलू नकोस, इथेच उभी राहून बघ." कुठून बघतो त्यावर चित्र ठरतं, हे मी तिला तोंडाने कितीदा तरी सांगितलं होतं.

व्यसनाची तुमची भीती खरी आहे. म्हणून खेळ निवडतानाच बघावं लागतं. या मूळ खेळात दहाच अध्याय आहेत, घड्याळ मागे लागलेलं नसतं. आम्ही रविवारी एक खेळायचो, मी शेजारी बसून.

नंतर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं बघताना ती एकापाशी थांबली. "अंगण वरून दिसतंय आणि माणसं समोरून, असं का?" मला नीट सांगता आलं नाही. तुम्ही तिला काय सांगितलं असतं, सर? इथेच लिहा, मी तिला वाचून दाखवेन.