राग बदललाय, प्रेम नाही

अमेरिकेनं 2025 मध्ये भारतीय मालावर लावलेल्या 50 टक्के आयात शुल्कामुळे भारतीय लोक अमेरिकेवर चिडून चीनकडे झुकताहेत, असं एका लेखात वाचलं. पहिलं खरं. दुसरं आमच्या बेळगावात तरी मला दिसत नाही.

मी इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं मशिनिंग करतो. ऑगस्ट 2025 मध्ये आधी 25 टक्के आणि मग रशियन तेलाचा दंड म्हणून आणखी 25 आले, तेव्हा चहाच्या टपरीवर ट्रम्पना ज्या शिव्या पडल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत ओ! खरी चीड आकड्याची नव्हतीच. आमच्यापेक्षा जास्त रशियन तेल चीन घेतो, त्याला हा दंड नव्हता, याची होती.

पण मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर ज्या गावात आहे, तिथं 2020 मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झटापटीत गेलेले 20 जवान कोण विसरणार? त्यात एप्रिल 2025 मध्ये चीननं दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेही धंद्यातल्यांना ठाऊक आहे.

2020 मध्ये चिनी मालावर बहिष्कार घाला म्हणून ओरडणारा आमचा एक दोस्त आता ‘दोघंबी सारखेच’ म्हणतोय. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचे सुटे भाग मात्र तेव्हाही तिकडूनच मागवत होता, आताही मागवतोय.