बर्फ लावायचा, पण किती वेळ?

काल संध्याकाळी पायरी उतरताना मास्तरांचा पाय मुरगळला आणि घोट्यावर बर्फ लावायचा की शेक द्यायचा, यावरून कट्ट्यावर जुंपली. भाऊंच्या मते मुका मार असो वा मुरगळ, गरम शेकाला पर्याय नाही. आमच्यातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी ते लगेच खोडून काढले. ताज्या दुखापतीत उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावून सूज वाढू शकते, तर गारव्याने त्या आकसतात आणि वेदनेचे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंचा वेग मंदावतो, म्हणून ठणका उतरतो; शेकाची पाळी सूज ओसरून केवळ आखडलेपणा उरला की येते.

"मग रात्रभर बर्फ बांधूनच झोपतो," असे मास्तर म्हणाले आणि ताई खरोखर चिडल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे एका वेळी १० ते २० मिनिटे पुरेत, त्वचा आणि बर्फ यांच्यामध्ये पातळ कापड हवेच आणि झोपेत तर बर्फ कधीही लावू नये, कारण त्वचा बधिर झाली की इजा होत असल्याचे कळतच नाही. वितळणारा बर्फ शून्य अंशांवर असतो, तर फ्रीझरमधून नुकताच काढलेला जेल पॅक उणे १८ अंशांच्या आसपास असू शकतो. म्हणजे दिसायला मऊ असलेली ती पिशवीच जास्त घातक, हे मला तरी ठाऊक नव्हते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी या वाटेला जाऊच नये आणि भाजलेल्या जागी बर्फ न लावता ती २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावी, हेही त्यांनी जाता जाता सांगितले.

भाऊंनी मग हुकमाचे पान टाकले. आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री १९७८ मध्ये मांडणारे अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनीच पुढे बर्फामुळे बरे होणे लांबू शकते, असे लिहिले. ताईंनी ते नाकारले नाही. दाह, म्हणजे दुखापतीनंतर येणारी सूज आणि लाली, हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग असल्याने बर्फ दुखणे सुसह्य करण्यापुरता वापरावा, त्याने हाडांना जोडणारा अस्थिबंध (लिगामेंट) लवकर जुळेल अशी आशा धरू नये, एवढे त्यांनी मान्य केले. भाऊ निम्मे जिंकले, असे मला वाटते. शेकाचा मुद्दा मात्र ते हरलेच.

घोट्याच्या हाडावर दाबल्यास दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर बर्फाच्या भरवशावर न बसता एक्स-रे काढावा, असे ताई म्हणाल्या. मास्तर उठले, भाऊंच्या खांद्याचा आधार नाकारून तीन पावले चालले आणि चौथ्याला मुकाट्याने पुन्हा खाली बसले.