गट नंबर बी 8

काल रात्री ऑनलाइन गेममध्ये एका पोरानं मला सगळ्यांदेखत 'खड्डेवाले काका' म्हटलं. आवाजावरून चौदाचं असेल. मी गेमसाठी बनवलेल्या दौलताबाद किल्ल्याच्या मॅपमध्ये, अंधारीतून, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारातून, वर चढताना, तिसऱ्या वळणावर जमिनीला भोक आहे. बंदुकीसकट माणूस थेट पाताळात. कबूल. पण ते भोक मी महिन्यापूर्वीच बुजवलंय! बी 8, म्हणजे मॅपची नवी आवृत्ती, तयार आहे. सर्व्हरवर मात्र अजून बी 7, कारण किल्ली ॲडमिनकडं, ॲडमिन औशाकडच्या गावी, आणि गाव सोयाबीनच्या काढणीत.

फोन लावला. त्याच्या काकांनी उचलला.

"काका, नवीन नकाशा चढवायचाय. जुन्यात भोक आहे."

बराच वेळ शांतता. मग, "गट नंबर?"

"तसला नाही हो, गेमचा नकाशा."

"गेम तर झालाच की. साडेतीन गुंठे गेले आमचे. बांध कुणी सरकवला?"

"बांध नाही, भिंत. मीच सरकवली, दीड फूट."

"तूच? आन् वर तोंड करून फोन करू लालास?"

"मॅपची फाइल पाठवतो ना, बीएसपी प्रकारची आहे..."

"हत्तीवाल्यांची? राजकारण नको आमच्या घरात. आन् फेरफाराला 15 दिवसांची नोटीस लागती. हरकती मागवल्या का?"

हसू नका. तिथं निदान 15 दिवस तरी ठरलेत. इथं महिना झाला. तुघलकानं 1327 साली अख्खी राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, माझ्याच्यानं 40 एमबी हलेनात.

बरं, जुन्याच नावानं नवी फाइल टाकावी, तर ज्यांच्याकडं जुनी आहे त्यांना 'तुमचा मॅप सर्व्हरपेक्षा वेगळा आहे' म्हणून दारातूनच हाकलतात. म्हणून नाव नवं, आणि मॅपांच्या यादीतही ते ॲडमिननंच घालायचं. फास्ट डाउनलोडसाठी फाइल दाबून वेगळ्या वेबसर्व्हरवर ठेव म्हणून दहादा सांगितलं. नाही ठेवली. मग ती गेम सर्व्हरवरूनच उन्हाळ्यातल्या नळासारखी ठिबकते आणि पोरं अर्ध्यातच निघून जातात. शेवटी मीच एक स्क्रिप्ट लिहून दिली: रोज पहाटे चारला फोल्डर बघायचं, नवा मॅप असला की आपोआप चढवायचा. त्यावर त्यानं अंगठा दाखवला. व्हॉट्सॲपवरचा.

या मॅपचे पैसे मिळत नाहीत मला. त्यातली सावली-उजेड मोजायला कॉम्प्युटर रात्रभर तापतो, मध्येच लाइट गेली की पहिल्यापासून. आणि वर खड्डेवाले काका!

आज सकाळी सातला औशाहून फोन. काकाच.

"पोरगं रानात हाय. पण तुझी हरकत वहीत लिवून घेतो. गट नंबर सांग."

वाद घालायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "बी 8."

"पोटखराब किती? लागवडीला न येणारी जागा?"

"आता नाही, काका."