स्क्रीनवर दिसते म्हणजे छापता येते असं नाही!

किती वेळा सांगू? संत्र्याच्या बागेच्या माहितीपत्रकासाठी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा ना जी! साधा पाठवला की तो आकसतो. १२८० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे छापताना एका इंचात ३०० ठिपके धरले तर, अकरा सेंटिमीटरही भरत नाही. ए-फोरच्या रुंदीला २४८० लागतात. ओढून मोठा केला की संत्र्याची साल धुरकट. वरून, "मोबाईलवर तर बराबर दिसते!" दिसणारच, कागदाला तेवढं पुरत नाही.

काल उलटंच. लोगो अंगठ्याएवढा, फाईल ४० एमबीची! वरुडहून अमरावतीच्या प्रेसला पाठवताना तीनदा नेट गेलं. अन् ज्यानं वर्षानुवर्षं राबून ती बाग उभी केली, त्याच्याच फळाचा फोटो असा मातकट छापून द्यायचा? माझा तर जीवच होत नाही.